जमा आणि नावे

निखिलच्या हिशेबात एक सेंट इकडचा तिकडे व्हायचा नाही. वडिलांचं जयसिंगपुरात किराणा दुकान. शाळेतून आलं की गल्ल्याशेजारी बसून उधारीची वही लिहायची, यातच तो वाढला. पुढे जर्मनीत आखेनला शिकायला आल्यावर मित्रमंडळींत कुठेही जायचं ठरलं, की पैशांचं खातं आपोआप त्याच्याकडे यायचं. २०२५च्या ऑक्टोबरात पॅरिसचा बेत ठरला, तेव्हाही तसंच झालं.

चौघं जाणार होते. निखिल, अमेय आणि श्रुती हे तिघं आखेनचे विद्यार्थी. चौथा दत्ता, त्यांचा इंजिनिअरिंगचा वर्गमित्र. तो कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत नोकरीला होता. देशाबाहेर तो पहिल्यांदाच पडला होता. पगारातून बाजूला टाकलेल्या पैशांतले बरेचसे विमानाचं तिकीट, ९० युरोंची व्हिसा फी आणि प्रवासाचा विमा यांतच गेले होते. ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा दिवस शुक्रवारी येत होता. शनिवार-रविवार जोडून तीन दिवस मिळणार होते. पॅरिस चौघांपैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. माणशी दीडशे युरोंत सगळं बसवून दाखवतो, असं निखिलनं जाहीर केलं आणि तो कामाला लागला.

त्यानं आखलेला बेत खरोखर चोख होता. जाता-येता रात्रीची बस, म्हणजे दोन रात्रींचं भाडं वाचलं. शहराच्या कडेला आठ खाटांच्या खोलीत चार खाटा. मेट्रोचं तिकीट तेव्हा अडीच युरो, मग एक स्टेशन जा नाहीतर वीस. म्हणून मेट्रो फक्त राहत्या जागेपासून शहराच्या मध्यापर्यंत, पुढे पायी. कॉफी प्यायची तर काउंटरशी उभं राहून, कारण टेबलाशी बसलं की तीच कॉफी महाग होते. नोत्र-दामचं चर्च २०१९च्या आगीनंतर दुरुस्त होऊन डिसेंबर २०२४ मध्ये उघडलं होतं. तिथे कुणालाच तिकीट नाही. राहिली संग्रहालयं. युरोपीय संघात राहणाऱ्या सव्वीस वर्षांखालच्यांना लूव्र आणि ओर्से ही दोन्ही मोफत असतात. नागरिकत्व लागत नाही, राहण्याचा परवाना पुरतो. तो तिघांकडे होता. शुक्रवारी सकाळची लूव्रची आणि शनिवारी सकाळची ओर्सेची वेळ निखिलनं तिघांच्या नावानं नोंदवून टाकली. दत्ताच्या रकान्यात त्यानं लिहिलं : वैयक्तिक.

दसऱ्याच्या रात्री आखेनहून बस सुटली. पहाटे पॅरिसच्या बेर्सी स्थानकावर उतरले, तेव्हा चौघांच्या पाठीवर एकेक पिशवी होती आणि दत्ताच्या हातात आणखी एक. ती खाण्याची. घरून निघताना त्यानं स्वतःचे कपडे विमानात हातात घ्यायच्या छोट्या बॅगेत कोंबले होते आणि मोठ्या बॅगेत आईनं या तिघांसाठी केलेला फराळ भरला होता : कडक भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, गुळाचे लाडू. त्यातलं निम्मं आखेनच्या कपाटात गेलं आणि निम्मं पॅरिसला आलं.

लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडपाशी पोहोचल्यावर दत्तानं विचारलं, “मला किती पडतंय रे?”

“बावीस युरो.”

दत्तानं मनातल्या मनात गुणाकार केला. सव्वादोन हजारांच्या वर. “तुम्ही या जाऊन,” तो म्हणाला. “मला चित्रांतलं काय कळतंय? मी बसतो की इथं. पिशव्या ठेवा माझ्याजवळ.”

तिघांनी एकदा “अरे, चल ना” म्हटलं आणि ते आत गेले. सोयीचं असलं की समोरच्याचा शब्द लगेच खरा वाटतो. शिवाय पिशव्यांचाही प्रश्न सुटला होता. साडेतीन तासांनी ते बाहेर आले, तेव्हा दत्ता पिरॅमिडच्या काचा पेलणाऱ्या पोलादी सळ्यांचे सांधे निरखत उभा होता. मोनालिसा केवढी लहान आहे, तिच्यासमोर गर्दी किती, हे तिघं एकमेकांच्या तोंडातून शब्द काढून घेत सांगत राहिले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पिशवी उघडली.

सेन नदीच्या काठी बाकावर बसून चौघं जेवले. निखिलनं दोन लांब पाव आणले होते. दत्तानं चाकूनं पाव उभा चिरला, आत चटणी भरली, वर चुरलेली भाकरी पसरली आणि पाव हातानं दाबून चार तुकडे केले. अमेयनं दोन तुकडे खाल्ले. नंतर लाडू झाले. निखिलनं मोबाइलमधलं हिशेबाचं ॲप उघडून नोंद केली : दुपारचं जेवण, दोन पाव, दोन युरो साठ सेंट, भागिले चार. “माणशी पासष्ट सेंटमध्ये पॅरिसात कोण जेवतं, सांगा,” तो म्हणाला आणि सगळे हसले.

दुपारी नोत्र-दाम पाहून पलीकडच्या तीरावर गेले. तिथे पुस्तकांच्या एका जुन्या दुकानासमोर हिरव्या रंगाचं कारंजं आहे. कारंजं म्हणायचं इतकंच. खरं तर ती पाणपोई. चार स्त्रिया हात वर करून छोटा घुमट तोलून धरतात आणि मधून पाण्याची बारीक धार पडते. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, पाणी आणणारे मार्ग मोडले, पाणी महागलं. त्या दिवसांत शहर न सोडता राहिलेल्या रिचर्ड वॉलेस या धनाढ्य इंग्रजानं १८७२ पासून स्वतःच्या खर्चानं अशी कारंजी बसवली. गरिबालाही शुद्ध पाणी फुकट मिळावं, एवढाच हेतू. आजही कुणीही बाटली भरून घ्यावी.

दत्ता बाटल्या भरायला गेला तो तिथेच रमला. त्यानं एका मूर्तीच्या दंडावरून बोट फिरवलं. “बिडाचं ओतकाम हाय. वाळूच्या साच्यातलं. ही बघा, साचा जुळल्याची रेघ. घासून काढलीय, तरी लागते हाताला.” मग त्यानं वजनाचा अंदाज केला : सहाशे किलो. श्रुतीनं मोबाइलवर पाहिलं, तर सहाशे दहा निघालं. चौघी एकसारख्या नाहीत, हेही त्यानंच दाखवलं. दोघींचे डोळे मिटलेले, दोघींचे उघडे. श्रुतीनं वाचून सांगितलं की त्या साधेपणा, संयम, चांगुलपणा आणि दानत यांच्या मूर्ती आहेत.

“असतील,” दत्ता म्हणाला. “पण उंचीत एक सूत फरक पडला असता, तर घुमट तिरका बसला असता.”

निखिल घड्याळ बघत होता. बेतानुसार पुढच्या ठिकाणी पोहोचायला दहा मिनिटं उशीर झाला होता.

शनिवारी सकाळी ओर्से. तिकीट सोळा युरो. या वेळी दत्ताला विचारायचीही वेळ आली नाही. अंगणात बिडाचा भलामोठा गेंडा आहे, त्याच्या शेजारी जागा पाहून तो पिशव्यांसह बसला. वारा बोचरा होता. तिघं आत गेले. ही इमारत मुळात १९०० साली उघडलेलं रेल्वे स्थानक. गाड्या लांब झाल्या, फलाट अपुरे पडले, स्थानक मागे पडलं आणि १९८६ मध्ये तिथे संग्रहालय झालं. श्रुती भल्याथोरल्या घड्याळाखाली उभी राहून काचेच्या छताची कमान पाहत होती. शेजारी एक वाटाड्या कुणाला तरी सांगत होता, की हे स्थानक बांधायला बारा हजार टन धातू लागला, आयफेल टॉवरपेक्षाही जास्त. श्रुतीच्या मनात पहिलं आलं ते दत्ताचं नाव. हे सगळं पाहून सर्वांत जास्त हरखला असता तो माणूस भिंतीपलीकडे गेंड्याशेजारी त्यांच्या पिशव्या राखत बसला होता. व्हॅन गॉगची चित्रं तिनं पाहिली, पण तिचं लक्ष लागेना.

रात्री खोलीवर निखिलनं हिशेब वाचून दाखवला. दोन दिवसांचं चौघांचं खाणं सव्वीस युरोंत झालं होतं. “मानलं पाहिजे की नाही?” त्यानं विचारलं.

“कुणाला?” श्रुती म्हणाली. “दत्ताच्या आईला?”

निखिल थांबला. दत्ता आंघोळीला गेला होता. श्रुतीनं आपला मोबाइल निखिलपुढे धरला. गेल्या तासाभरात तिनं दोन्ही संग्रहालयांची माहिती नीट वाचली होती. ओर्से महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना मोफत असतं. उद्या पहिला रविवार होता. आणि लूव्र जुलै-ऑगस्ट सोडून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर सगळ्यांना मोफत असतं. तो शुक्रवार काल होता. दोन्हीकडे आधी वेळ नोंदवावी लागते, एवढीच अट.

“तू सकाळच्या वेळा घेतल्यास,” ती म्हणाली. “संध्याकाळची घेतली असतीस, तर दत्ताही आत आला असता.”

निखिलनं ती पानं स्वतः वाचली, दोनदा वाचली. मेट्रोच्या अडीच युरोंपासून पावाच्या एक युरो तीस सेंटांपर्यंत सगळे दर त्याला पाठ होते. पण संग्रहालयं त्याला रोजच फुकट होती; कुठल्या वारी ती सगळ्यांना फुकट असतात, हे बघायची त्याला गरजच पडली नव्हती.

आता त्याच्यातला दुकानदाराचा मुलगा जागा झाला. वडिलांच्या वहीत दोन बाजू असायच्या, जमा आणि नावे. या ॲपमध्ये कुणी पैसे दिले तेवढंच विचारलं जातं. घरून कुणी काय आणलं, कुणी पिशव्या राखल्या, कुणी बाटल्या भरल्या, यासाठी त्यात जागा नव्हती. दत्ताच्या जमेची बाजू कोरीच राहिली होती. निखिलनं लगेच कोरा कागद घेतला. चिवडा, लाडू, भाकरी. पॅरिसच्या उत्तरेला ला शापेल भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकानं आहेत, संध्याकाळी तिथून येताना असल्या पाकिटांचे भाव त्यानं पाहिले होते. ते लावून त्यानं बेरीज केली. दत्ता केस पुसत आला, तेव्हा निखिलनं कागद त्याच्या हातात दिला. “आम्ही तिघं तुझं एवढं देणं लागतो.”

दत्तानं कागद वाचला. त्याचा चेहरा उतरला. दोन दिवस बाहेर बसूनही तो असा दिसला नव्हता.

“आईच्या लाडवाचं बिल लावतोस होय?” तो म्हणाला. “हे पैसे घेतले तर घरी जाऊन तिला काय सांगू? विकून आलो म्हणून?”

कुणी काही बोलेना. अखेर अमेय म्हणाला, “मग तूच सांग, काय करायचं?”

“काय बी करू नका. फक्त ठरवताना मला विचारा. हितं आल्यावर ‘तुझे बावीस’ म्हटलं की माणूस चित्रं कळत नाहीत असंच सांगणार की.”

निखिलनं कागद फाडला. मग तो मोबाइल घेऊन बसला आणि रविवारच्या ओर्सेच्या मोफत वेळा शोधू लागला. दुपारपर्यंतच्या सगळ्या भरल्या होत्या. बऱ्याच खटपटीनंतर साडेतीनची मिळाली. चार जागा. दुपारी आयफेल टॉवरच्या जिन्यानं वर जायचं निखिलच्या बेतात होतं, ते रद्द झालं. कुणाचीच तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दत्ता ओर्सेत शिरला आणि पहिली पंधरा मिनिटं त्यानं एकाही चित्राकडे पाहिलं नाही. मान वर करून तो कमानी बघत होता, खांबांवर नजर फिरवत होता. नंतर मात्र चित्रांच्या दालनांतून त्याला बाहेर काढणं कठीण झालं. क्लोद मोनेनं रंगवलेलं सँ-लाझार स्थानक, इंजिनांच्या वाफेनं भरलेलं, त्यापुढे तो इतका वेळ उभा राहिला, की मागच्या माणसांनी घसा खाकरला. “भट्टी उघडल्यावर अशीच दिसते हवा,” एवढंच तो म्हणाला. चित्रांतलं काही कळत नाही म्हणणारा दत्ता तो हाच होता.

लूव्र त्याचं राहिलं ते राहिलंच. रात्री बस होती आणि पुढच्या आठवड्यात त्याला कोल्हापूर गाठायचं होतं.

तिघं त्यानंतरही हिंडले. कधी प्राग, कधी ब्रुसेल्स, बरोबर कधी नवी मंडळी. हिशेब अजून निखिलकडेच असतो आणि अजूनही तो चोख असतो. पण ठरवण्याची पद्धत बदलली आहे. आता आकडा तो जाहीर करत नाही. बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला तो एकेकट्याला विचारतो, तुला किती झेपेल? सगळ्यांत लहान आकडा येतो तो कुणाचा, हे न सांगता सगळा बेत त्यात बसवतो. ‘वैयक्तिक’ हा रकाना त्यानं काढून टाकला आहे.

तात्पर्य, काटकसरीच्या प्रवासात खर्चाची समान वाटणी ही सोपी गोष्ट. भागाकार येणाऱ्या कुणालाही ती जमते. अवघड असतं ते ज्याचा खिसा हलका, त्याच्या जागी उभं राहून बेत आखणं. पॅरिसमध्ये दत्ताला दोन्ही दारांतून आत नेण्यासाठी एक सेंटही लागणार नव्हता. आखणी करताना त्याच्या बाजूनं एकदा कॅलेंडर पाहिलं असतं, तरी पुरलं असतं. आणि जो सोबत्यांसाठी घरून पिशवी भरून आणतो, त्याच्या आणण्याची किंमत करू नये. पण ते जमेला आहे, याचा विसरही पडू देऊ नये.