ट्यूबलाइटवरचा कर

डॅन फ्लेव्हिन या अमेरिकी कलावंताचं सगळं साहित्य विजेच्या सामानाच्या दुकानात मिळायचं. दोन, चार, सहा आणि आठ फुटी ट्यूबलाइट, बाजारात मिळतील त्याच रंगांच्या. 1963 पासून 1996 मध्ये मरण येईपर्यंत त्याने दुसरं फारसं काही हाताळलं नाही.

त्याच्या मृत्यूनंतर कस्टमवाल्यांना प्रश्न पडला, की हे नेमकं आहे काय? लंडनच्या एका गॅलरीने आणलेल्या त्याच्या कामावरून वाद पेटला. कलाकृती असेल तर 5 टक्के कर, दिवा असेल तर पूर्ण. 2008 मध्ये ब्रिटिश न्यायाधिकरणाने ती कला ठरवली. 2010 मध्ये युरोपीय आयोगाने तो निर्णय फिरवला. आयोगाचा युक्तिवाद असा, की कला असलीच तर ती दिवे लागल्यावर जो परिणाम होतो त्यात आहे. खोक्यातून येतं ते दिव्याचं सामान. या निकालाला कलाजगत हसलं. पण कारकुनांनी नकळत एका जुन्या प्रश्नावर बोट ठेवलं होतं: प्रकाशात माणसाला भारून टाकणारं जे काही असतं, ते राहतं कुठे?

फ्लेव्हिनला विचारलं असतं तर त्याने विषय झटकला असता. कॅथलिक घरात वाढलेल्या या माणसाला मुलगा असताना पाद्री होण्याच्या शाळेत घातलं होतं. ती वाट त्याने सोडली. सुरुवातीच्या कामांना त्याने ‘आयकॉन’ म्हटलं खरं, पण आपल्या दिव्यांमागे कसलाही गूढार्थ नाही, हे तो हट्टाने सांगत राहिला.

तरीही 1996 मध्ये मिलानमधल्या सांता मारिया आनुन्चाता या चर्चच्या फादर जुलिओ ग्रेको यांनी त्यालाच गळ घातली. वास्तू 1930च्या दशकातली. फ्लेव्हिनने मधल्या दालनाला निळा-हिरवा, आडव्या भागाला गुलाबी आणि वेदीमागच्या भिंतीला सोनेरी उजेड दिला. आराखडा पुरा केला आणि दोनच दिवसांत तो गेला. ट्यूब बसल्या 1997 मध्ये. तिथे रोजची प्रार्थना चालू आहे. निळ्यापासून सोनेरीपर्यंतच्या या क्रमात अनेकांना रात्र, पहाट आणि दिवस दिसतात. कलावंताचा नकार त्यांच्या आड येत नाही.

उजेडातच काम करणाऱ्या जेम्स टरेल या कलावंताची गोष्ट उलटी. तो क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धावान घरातला. प्रार्थनेला शांत बसून आतल्या उजेडाला भेट, असं आजीने त्याला लहानपणी सांगितलं होतं. पुढे तो आकलनाचं मानसशास्त्र शिकला आणि त्याने 1960च्या दशकाच्या अखेरीस एडवर्ड वॉर्ट्झ या शास्त्रज्ञाबरोबर ध्वनिबंद खोल्यांत, एकसारख्या उजेडात बसून प्रयोग केले. जिथे डोळ्याला कडा, कोपरा, काहीच धरायला मिळत नाही, तिथे मेंदू स्वतःच खोली आणि भिंती रचू लागतो. 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्याने केलेली उजेडाची ‘भिंत’ समजून टेकायला गेलेले प्रेक्षक पडले आणि प्रकरण कोर्टात गेलं. ह्यूस्टनच्या क्वेकर प्रार्थनागृहात त्याने छतच सरकतं केलं. चौकोनी झरोक्यातलं आकाश एखाद्या सपाट रंगीत पत्र्यासारखं खाली उतरल्याचा भास होतो.

सूर्य मावळला, चंद्र मावळला, अग्नी विझला, वाणीही थांबली, मग माणसाला उजेड कशाचा, असं बृहदारण्यकात जनक विचारतो आणि याज्ञवल्क्य आत्म्याकडे बोट दाखवतो. टरेलच्या खोल्यांबद्दल लिहिताना हा संवाद जोडण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. प्रयोगशाळा एवढंच दाखवते, की दिसण्यातला मोठा वाटा मेंदूचा असतो. मेंदूपासून आत्म्यापर्यंतची उडी गॅलरीची माहितीपत्रकं एका वाक्यात मारतात. याज्ञवल्क्याला मात्र तिथवर पोचायला जनकाचे प्रश्न एकेक करून पार करावे लागले.

मग उजेड माणसाला भारून टाकतो की नाही, याचा निकाल कशाने लागतो? करणाऱ्याच्या श्रद्धेने तर नक्कीच नाही. नास्तिकवजा फ्लेव्हिनच्या ट्यूबखाली लोक गुडघे टेकतात आणि श्रद्धाळू टरेलच्या खोलीत वेळेचं तिकीट काढून आलेले अनेकजण फोटो न काढता आल्याने चुटपुटत बाहेर पडतात. उजेडासमोर माणूस कशासाठी येऊन बसला आहे, यावर बरंच काही ठरतं. या अर्थाने आयोगाचे कारकून अर्धे बरोबर होते: ट्यूबमध्ये काही नाही. पण दिवा लागला की परिणाम आपोआप झाला, हे त्यांचं गृहीतक कच्चं आहे.

ट्यूबचाही शेवट जवळ आला आहे. पारा असलेल्या नेहमीच्या ट्यूब युरोपीय संघात 2023 पासून नव्याने बाजारात आणता येत नाहीत. तेलाचा दिवा, मेणबत्ती, वीज असा प्रवास केलेल्या चर्चला उद्या एलईडी लावणं जड जाऊ नये. गेलेली ट्यूब बदलायला खुद्द फ्लेव्हिनचीही हरकत नव्हती. अस्सल ट्यूबच्या झळाळीसाठी जीव टाकणारी मंडळी आहेत ती संग्रहालयांत, आणि संतांच्या अस्थी जपाव्यात तशा जुन्या ट्यूब जपण्याची वेळ आता त्यांच्यावर आली आहे.