उशिरा उलगडलेले गुपित : पुनर्वाचनाची नैतिकता

दीर्घकाळ दडवलेले कौटुंबिक गुपित उतारवयात उघड होते तेव्हा नेमके काय कळते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एक नवे तथ्य हाती येते, एवढे म्हणून भागत नाही. जगून झालेल्या आयुष्याची संहिता तीच राहते. तिचा अर्थ लावण्याची चौकट मात्र मोडते. अशा वेळी माणूस आपल्याच भूतकाळाचा नव्याने वाचक होतो. या पुनर्वाचनावर काही नैतिक बंधने असतात काय, हा येथील विचाराचा विषय आहे.

जुन्नर-आंबेगाव परिसरात सहज संभवणारा एक प्रसंग कल्पावा. या तालुक्यांतून पोटासाठी मुंबई गाठण्याची रीत जुनी आहे. नवरा मुंबईत, बायको शेतावर आणि दोघांना जोडणारी मनिऑर्डर, अशी अनेक घरांची मांडणी होती. अशा एका घरातील वृद्ध कर्ता पुरुष निवर्ततो. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज जातो, फेरफाराची नोटीस चावडीवर लागते आणि मुंबईहून दोन अनोळखी माणसे हरकत घेऊन येतात : मयत हे आमचेही वडील. साठी उलटलेल्या मुलाला त्या क्षणी भाऊ मिळत नाहीत. आधी बाप हरवतो. सुगीला न आलेला बाप, लांबलेली मनिऑर्डर, ‘एकदा मुंबई दाखवा’ हे आईचे कायम टाळले गेलेले मागणे, या साऱ्यांचे अर्थ एकाएकी पालटतात.

हिश्श्याचा प्रश्न कायद्याने बव्हंशी सोडवला आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 16 नुसार अवैध विवाहातील संततीही औरस मानली जाते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मदात्याच्या वाट्याला जे आले असते त्यातही तिचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2023 रोजी स्पष्ट केले. परंतु समोर उभ्या असलेल्या माणसाला ‘दादा’ म्हणायचे की नाही, हे कोणतेही कलम सांगत नाही.

या पेचाचे भारतीय साहित्यातील आद्य रूप महाभारतात आहे. युद्ध संपल्यावर, मृतांना जलांजली देताना, कर्ण हा आपला ज्येष्ठ पुत्र असल्याचे कुंती सांगते. ‘युगान्त’मध्ये कर्णावरील लेखाला इरावती कर्वे यांनी ‘मी कोण?’ असे नाव दिले आहे. आता तोच प्रश्न युधिष्ठिराकडे येतो. शांतिपर्वात तो नारदाला एक लहानशी गोष्ट सांगतो. द्यूतसभेत कर्णाची कठोर वचने ऐकून चढलेला क्रोध त्याचे पाय पाहताच निवत असे, कारण ते कुंतीच्या पायांसारखे होते. म्हणजे खूण डोळ्यांसमोर होती, ती वाचण्याची चौकट नव्हती. युधिष्ठिराचे पुनर्वाचन येथपर्यंत अत्यंत प्रामाणिक आहे.

पुढे मात्र ते घसरते. स्त्रियांच्या मनात कोणतेही गुपित राहणार नाही, असा शाप तो देतो. वस्तुतः हे गुपित एकट्या कुंतीने राखलेले नव्हते. कृष्णाला ते ठाऊक होते. आणि युधिष्ठिराला हे कळू देऊ नये, असे उद्योगपर्वात खुद्द कर्णानेच कृष्णाला विनवले होते. तिघांची कारणे निराळी. शिक्षा मात्र एकीच्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीला. फसवला गेलेला माणूस स्वतःच्या जखमेला साऱ्या कथेचे केंद्र मानतो, तेव्हा असा अन्याय घडतो. कुमारी मातेला मौनावाचून दुसरा मार्ग न ठेवणाऱ्या व्यवस्थेला हा शाप शिवतही नाही.

त्या व्यवस्थेला उत्तर देण्याचा एक प्रयत्न 1863 साली पुण्यात झाला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या बालहत्या प्रतिबंधक गृहात विधवांना गुप्तपणे बाळंत होता येई. येथेही गुपितच होते, परंतु ते आईच्या जिवासाठी होते आणि त्याला मर्यादा होती. 1874 मध्ये तेथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. 1877 च्या दुष्काळात जुन्नर तालुक्यातील ओतूरहून सावित्रीबाई जोतीरावांना पत्र लिहीत होत्या, तेव्हा तो लहानगा होता. 1887 च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस ठरवले; त्याच्या जन्माची हकीकत झाकली नाही. आश्रय म्हणून राखलेले गुपित दुसऱ्याचे अज्ञान होऊन बसू नये, ही दक्षता त्या कृतीत दिसते.

गुपिताचे नैतिक मूल्य ते कोणाला वाचवते यावर अवलंबून असते. दुर्बळाला वाचवणारे मौन क्षम्य, प्रसंगी आवश्यकही ठरते. ज्याचे नातेच त्यात दडले आहे त्याच्याबाबतीत मात्र त्या मौनाला मुदत असते. मुदत टळली की सत्य कळते, पण जाब विचारायला माणूस उरत नाही. बाप चितेवर आणि कर्ण रणात गेल्यानंतरचे ज्ञान असे एकाकी असते. अशा वेळी राग उरलेल्यांवर, बहुधा आईवर किंवा नवागतावर, काढला जातो.

चावडीवरच्या मुलाचा क्रोध समजण्याजोगा आहे. तथापि त्याच्या लेखी जो आज लागलेला शोध आहे, ते समोरच्याचे सारे बालपण होते. गावी आपले दुसरे घर आहे आणि तेथे आपले नाव घेता येत नाही, हे जाणूनच तो वाढला असेल. एकाने आयुष्यभर न जाणण्याची आणि दुसऱ्याने आयुष्यभर जाणण्याची किंमत मोजली. या दुसऱ्या वाचकाची जाणीव ज्यात नाही ते पुनर्वाचन युधिष्ठिराच्या शापापाशीच थांबते. हरकतीचा निकाल महसूल अधिकारी देईल. त्याआधी त्या दोघांना बसायला सांगायचे की नाही, हे मुलानेच ठरवायचे आहे.