कासाळ्याची झळाळी आणि शुद्धी

चतुर्थी जवळ आली की गोमंतकात घराघरांतून व देवळांतून वर्षभर ठेवणीत असलेली वाद्ये बाहेर निघतात. घुमटांची तोंडे नव्या चामड्याने मढविली जातात, शामेळाच्या दोऱ्या आवळल्या जातात आणि कासाळी घासावयास काढली जातात. घुमट व शामेळ यांचा घोष कितीही गंभीर असला, तरी आरतीच्या लयीला धार येते ती कासाळ्याच्या झणत्काराने, हे आमच्या महाजन व कुळावी मंडळींस सांगावयास नको.

या घासण्याच्याच बाबतीत सांप्रत ठिकठिकाणी मतभेद ऐकू येतात. तरुण मंडळी म्हणतात, जुनी काळवंडलेली कासाळी एकदा यंत्रावर घालून सोन्यासारखी करून आणावीत. देवापुढे मळके वाद्य धरणे शोभत नाही. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, जुन्या वस्तूस हात लावू नये; तिचा काळेपणा हेच तिचे तेज. प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक दिसतो. तथापि त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडला आहे, आणि तो आम्हांस या अंकात वाचकांपुढे मांडावयाचा आहे. शुद्धी म्हणावे कशास? जे लखलखते ते सर्व शुद्ध काय?

आपल्या भाषेने या विषयाचा विचार आपल्या आधी करून ठेवला आहे. तांब्या-पितळेवर चढणाऱ्या हिरव्या विषारी गंजास मराठीत कळंक म्हणतात, आणि माणसाच्या चारित्र्यावरील डागासही कळंकच म्हणतात. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ राहिला म्हणजे तो कळकतो. धातूचा दोष आणि मनाचा दोष यांस एकच शब्द योजणाऱ्या आमच्या पूर्वजांस दोहोंच्या शुद्धीची रीतही एकच वाटली असावी.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात वासनेने झाकलेल्या ज्ञानास मळाने झाकलेल्या आरशाची उपमा दिली आहे. हा आरसा आजच्यासारखा काचेचा नव्हे. प्राचीन काळी आरसे धातूचे असत. केरळातील आरन्मुळा येथे तांबे व कथील यांच्या मिश्रणाचा असा आरसा अजूनही घडविला जातो. म्हणजे ज्या जातीच्या धातूचे आपले कासाळे, त्याच जातीच्या धातूचा तो आरसा. त्यावर मळ बसे, तो पुसावा लागे. पुसताना मळ जावा आणि आरसा राहावा, हे मात्र पुसणाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असे.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात धातूंच्या शुद्धीचा विचार आला आहे. तांबे, लोखंड, कांसे, पितळ, कथील व शिसे यांची शुद्धी क्षार, आम्ल व पाणी यांनी करावी, असे तेथे सांगितले आहे. पण सर्वांस एकच उपाय न सांगता ज्याला जे योग्य ते योजावे, असाही दंडक घातला आहे. कांसे राखेने व तांबे आंबटाने शुद्ध होते, हा संकेत तर जुन्या पिढीतील प्रत्येक गृहिणीस ठाऊक असे. ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे उपाय योजावा, ही या विधानाची गुरुकिल्ली आहे, आणि ती ओळखण्यासाठी धातूची प्रकृती ओळखणे अवश्य आहे.

घंटेचे उत्तम कांसे सुमारे ७८ भाग तांबे व २२ भाग कथील यांचे असते. कथिलाच्या या प्रमाणामुळे ते कठीण होते व दीर्घकाळ नादते; पण त्याच कारणाने ते ठिसूळही होते. फरशीवर एकदा पडलेले कासाळे बाहेरून धड दिसले तरी काठाशी केसासारखी चीर घेऊन बसलेले असू शकते. पितळ म्हणजे तांबे व जस्त. ते तितके ठिसूळ नाही, पण आंबटात फार वेळ राहिले तर त्यातील जस्त निघून जाते व पृष्ठभागावर तांबूस चट्टे उमटतात. ते चट्टे मळाचे नव्हेत. आपण मळ काढीत आहो अशा समजुतीने धातूच काढून टाकल्याची ती खूण आहे.

आता जुन्या कासाळ्याच्या रंगाकडे पाहू. त्यावर दोन प्रकारचे थर दिसतात. एक तपकिरी, एकसारखा, बोटाने न निघणारा. हा हवेच्या संयोगाने हळूहळू धरतो आणि खालच्या धातूस एक प्रकारे पांघरूण घालतो. दुसरा फिकट हिरवा, भुरभुरीत, ठिपक्याठिपक्यांनी येणारा. समुद्रकाठच्या खाऱ्या व दमट हवेत हा विशेष आढळतो. मिठातील क्लोराइड धातूत शिरले आणि ओल मिळाली, म्हणजे ते आतल्या आत धातू खात राहते आणि वर हिरवा चुरा येतो. तपकिरी छटा हे वस्तूचे वय आहे; हिरवा चुरा हा तिचा रोग आहे. तरुण मंडळी वयासच रोग समजून खरवडून काढू पाहतात, आणि ज्येष्ठ मंडळी रोगासही वय समजून नमस्कार करतात. आमच्या मते दोन्ही पक्षांची चूक एकाच ठिकाणी आहे. काय आपले आणि काय परके, याची निवड त्यांनी केलेली नाही.

पूजेच्या घरात लहानाचे मोठे झालेल्या आमच्यासारख्यांस ही निवड रोज पाहावयास मिळते. प्रातःकाळी गाभाऱ्यातील निर्माल्य काढतात. मूर्ती कोणी खरवडीत नाही. काल वाहिलेले फूल आज परके झाले म्हणून ते जाते. मूर्ती मात्र जशीच्या तशी राहिली पाहिजे, कारण तिच्यासाठीच ही सारी शुद्धी. भक्तीच्या अतिरेकानेही झीज होते, याचा दाखला पंढरपुरात आहे. अभिषेकांनी व स्पर्शाने श्रीविठ्ठलमूर्तीची झीज झाली, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांकडून तिच्यावर वज्रलेप करवून घ्यावे लागले. प्रेमाने केलेल्या उपचारानेही हानी होऊ शकते, हे ज्यास उमगले त्याने घासण्याच्या फडक्यासही जपून हात घालावा.

घरगुती उपायांत लिंबू व मीठ यांचा प्रघात मोठा आहे. त्याने चकाकी क्षणात येते, हे खरे. परंतु नीट न धुतल्यास तेच मीठ धातूच्या छिद्रांत बसते आणि ज्या हिरव्या रोगाचे वर वर्णन केले त्याचे बीज पेरते. दुसरा उपाय अमोनियायुक्त तयार द्रावणांचा. त्याविषयी एक इतिहास सांगण्याजोगा आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील फौजांची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवीत. पावसाळा सरल्यावर पाहावे तो त्यांतील कित्येकांस आपोआप तडे गेलेले असत. याचे कारण पुष्कळ वर्षांनी, १९२१ साली, शास्त्रज्ञांनी उलगडले. घोड्यांच्या मुत्रातून निघणारा अमोनिया आणि घडविताना पितळेत राहिलेला ताण, या दोहोंच्या संयोगाने ते तडे जात होते. ठोकून घडविलेल्या पितळी टाळा-झांजांतही असा ताण राहिलेला असू शकतो. वरून चकचकीत, आतून तडकलेले, अशी त्यांची स्थिती होऊ नये.

यंत्रावरील घासणीविषयी तर अधिकच विचार केला पाहिजे. वेगाने फिरणारे चाक मळ व धातू असा भेद करीत नाही. ते उंचवटे खाते, काठ पातळ करते, आणि घर्षणाच्या उष्णतेने धातू तापविते. कासाळ्याचा नाद त्याच्या जाडीवर व काठाच्या घडणीवर अवलंबून असतो. जोडीतील दोन तबकड्यांच्या स्वरांत जे किंचित अंतर असते त्यातून तो तरंगता झणत्कार उठतो. एक तबकडी अधिक घासली गेली की ते नाते बदलते. आणि जुन्या कासाळ्यांवर दात्याचे नाव, कोणाच्या स्मरणार्थ दिले त्याचा उल्लेख, क्वचित शकही कोरलेला असतो. दोन-तीन वेळा चाकावर गेले की ती अक्षरे पुसट होतात व पुढे नाहीशी होतात.

यावर कोणी वेदान्ती म्हणेल, नाव गेले तर काय बिघडले? नामरूप हे नाश पावणारेच. दात्याचा अहंकार झिजला, तर ते बरेच झाले. युक्तिवाद सुबक आहे. परंतु दात्याने आपल्या नावाचा मोह सोडणे ही त्याची विरक्ती, आणि आपण त्याचे नाव घासून टाकणे ही आपली कृतघ्नता. दुसऱ्याच्या वतीने वैराग्य स्वीकारण्याचा अधिकार कोणास नाही. ती अक्षरे आपल्यावरील ऋणाची नोंद आहेत, आणि ऋणकोने नोंद पुसावी, हे कोणत्याच शास्त्रास संमत नाही.

नावाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. कासाळ्यावर देणाऱ्याचे नाव असते. घासणाऱ्याचे कोठेच नसते. गोमंतकातील बहुतेक देवस्थानांत समया घासणे, अंगण झाडणे, वाद्ये वाजविणे व राखणे ही कामे ज्या समाजांकडे वंशपरंपरेने होती, त्यांस महाजनत्वाचा मान नव्हता. त्यांच्या हातांनी आमचे देव उजळले. आजही उत्सवाच्या आदल्या दिवशी हे काम बहुधा एखाद्या मजुरीच्या पोरावर सोपविले जाते. त्याच्या हाती तीव्र आम्लाची बाटली दिली जाते, हातमोजे दिले जात नाहीत, आणि दार बंद असलेल्या कोठीत तो वाफा हुंगीत बसतो. त्याच्या बोटांची सालपटे निघाली आणि कासाळे लखलखले, तर त्या झळाळीस आम्ही शुद्धी म्हणावयास तयार नाही. ज्या शुद्धीने वस्तूची हानी होते ती अविवेकाची; जिच्याने माणसाची हानी होते ती अधर्माची.

परंपरा बदलू नये, असे म्हणणाऱ्यांनी घुमटाकडेच पाहावे. त्याचे तोंड पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस अभय मिळाले, आणि आज घुमटावर बकऱ्याचे चामडे चढते. नादात थोडा फरक पडला असेल, पण आरती थांबली नाही. एका मुक्या जीवासाठी जर आपण चामडे बदलले, तर माणसाच्या हातांसाठी घासण्याची रीत बदलणे अवघड का वाटावे?

मग करावे काय? रीत साधी आहे. आरती संपताच कोरड्या सुती फडक्याने कासाळे पुसावे. हाताच्या घामातही मीठ असते. वर्षातून एकदा धुवावयाचे झाल्यास प्रथम दोरी सोडावी. मग घडी घातलेल्या जाड कापडावर कासाळे ठेवून कोमट पाण्यात किंचित सौम्य साबण घालून मऊ कापडाने, काठास न वाकविता, पुसावे. वाळू, विटेचा भुगा, तारेची घासणी यांस स्पर्श करू नये. राख वापरणे झाल्यास ती वस्त्रगाळ असावी, आणि अक्षरांवर ती मुळीच चोळू नये. हिरवा चुरा दिसेल तेवढ्याच जागी बांबूच्या बोथट काडीने तो अलगद काढावा, आणि गरज पडल्यास चिंचेचा मीठ न घातलेला कोळ दोन-चार मिनिटे लावून भरपूर गोड्या पाण्याने धुवावे. नंतर लगेच कोरडे करून थोडा वेळ उन्हात ठेवावे. तेल लावू नये. समईच्या तेलात हिरवा चिकटा कसा धरतो ते सर्वांनी पाहिले आहेच. ठेवताना कोरड्या सुती पिशवीत ठेवावे, प्लास्टिकच्या नव्हे, कारण त्यात ओल कोंडते.

घासणाऱ्याने उघड्या हवेत, हातमोजे घालून बसावे आणि सुका चुरा उडत असेल तर नाकातोंडावर कापड बांधावे. निरनिराळी द्रावणे एकत्र करू नयेत. शौचालय धुण्याचे आम्ल वाद्यापाशी आणूही नये. घासण्याचे फडके नैवेद्याच्या भांड्यांस लावू नये, ते पाणी विहिरीकाठी वा तुळशीत ओतू नये, आणि हात स्वच्छ धुतल्यावाचून प्रसाद घेऊ नये. ज्या कासाळ्यास चीर दिसेल ते वाजविणे थांबवून जाणत्या कारागिरास दाखवावे.

या रीतीने कासाळे सोन्यासारखे दिसणार नाही. ते त्याच्या वयाचे, निरोगी व स्वच्छ दिसेल, आणि त्याचा आवाज पूर्वजांनी ऐकला त्याच्या जवळपास राहील. आमची महाजनांस नम्र सूचना आहे की यंदाच्या चतुर्थीपूर्वी हे काम मजुरीवर न देता प्रत्येक कुटुंबातील एकाने पाळीपाळीने करावे, आणि देवस्थानच्या वहीत जेथे दात्याचे नाव लिहितो तेथेच, त्याच शाईने, घासणाऱ्याचेही नाव लिहावे. जुन्या कासाळ्यांवरील लेख पुसट होण्यापूर्वी त्यांची नक्कलही याच वहीत उतरून घ्यावी.

मनाच्या कासाळ्याविषयी निराळे सांगावयास नको. त्यावरील वय राहू द्यावे आणि कळंक तेवढा जावा, एवढीच श्रीचरणी प्रार्थना. इति शम्.