अपमानाची फिर्याद करावी काय?



गंगाखेड तालुक्यांतील एका खेड्याचे उपदेशक परवां परभणीस आमच्या घरीं आले होते. त्यांच्या मंडळींतील एका गृहस्थास आठवड्याच्या बाजारांत, दहा लोकांदेखत, जातीचें नांव घेऊन शिवीगाळ झाली. उपदेशकांनीं विचारलें, अशा अपमानाबद्दल कोर्टांत दाद मिळते काय? आणि मिळत असल्यास ख्रिस्ती मनुष्यानें ती मागावी काय?

दाद मिळते, परंतु प्रत्येक कटु शब्दाबद्दल नव्हे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या ३५६ व्या कलमांत अब्रुनुकसानी हा गुन्हा सांगितला आहे. आणि समोरच्यास चिथावून शांतताभंग व्हावा अशा रीतीनें जाणूनबुजून केलेला अपमान ३५२ व्या कलमांत येतो. दोहोंसही दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. अब्रुनुकसानीस मात्र तें बोलणें तिसऱ्याच्या कानीं किंवा डोळ्यांपुढें गेलेलें असावें लागतें. घरांत एकट्यास दिलेल्या शिवीनें मन दुखतें, पण चारचौघांतील नांव जात नाहीं. खरी गोष्ट लोकहितासाठीं सांगितली, तर तीही अब्रुनुकसानी ठरत नाहीं.

येथें कोल्हापूर प्रकरण आठवतें. ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं पत्रें १८८१ सालीं निघालीं. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत आहे अशा समजुतीनें टिळक व आगरकर ह्यांनीं दिवाण माधवराव बर्वे ह्यांच्यावर कडक लिहिलें, व ज्या पत्रांचा आधार घेतला तीं पुढें बनावट ठरलीं. त्यांनीं माफी मागितली. तरी जुलै १८८२ मध्यें दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली, व मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबर रोजीं सुटले. त्यांचा हेतु वाईट होता असें कोण म्हणेल? पण चांगल्या हेतूनें दुसऱ्याचें गेलेलें नांव परत येत नाहीं. दुसऱ्याच्या तोंडची गोष्ट पारखल्यावांचून पुढें सांगणारे आपल्या मंडळ्यांतही थोडे नाहींत. प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितली तरी ती चहाडीच. ह्याच खटल्यांत, विचारांनीं ज्यांच्याशीं जमत नव्हतें त्या ह्या दोघांसाठीं जोतीराव फुले ह्यांनीं दहा हजार रुपयांच्या जामिनाची तजवीज करविली, हीही गोष्ट विसरूं नये.

आतां त्या गृहस्थाकडे वळूं. वकिलानें त्यांस सांगितलें कीं, अनुसूचित जाति-जमातींवरील अत्याचारांस प्रतिबंध करणारा १९८९ चा कायदा जातिवाचक शिवीबद्दल अधिक कडक आहे, त्याखालीं फिर्याद द्या. दाखल्यावर जुनी जात तशीच आहे. बाप्तिस्म्याची गोष्ट मात्र काढूं नका. कारण अनुसूचित जातींविषयींच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशांत १९५६ सालीं शिखांचा व १९९० सालीं बौद्धांचा समावेश झाला, पण ख्रिस्ती बाहेरच राहिले. २०२५ सालीं आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयानें एका पाळकाच्याच प्रकरणांत, ख्रिस्ती झालेल्यास ह्या कायद्याचा आधार नाहीं, असें ठरविलें.

शिवी देणारा बाप्तिस्मा पाहत नाहीं. त्याच्या लेखीं तो मनुष्य कालचाच आहे. कायदा मात्र त्यास म्हणतो, तूं आतां तो राहिला नाहींस. हा अन्याय आहे असें माझें मत आहे, आणि तो दूर व्हावा म्हणून उघडपणें मागणी करणें योग्यच आहे. परंतु अब्रू राखण्यासाठीं प्रभूचें नांव लपवावें, हा सौदा मला मान्य नाहीं. त्या गृहस्थासही नव्हता. म्हणूनच त्यांची झोंप गेली होती.

मग गप्प बसावें काय? मंडळींतील कांहीं वडील मंडळी त्यांस सारखें म्हणत, “क्षमा करा, दुसरा गाल पुढें करा.” दुसऱ्याच्या गालावर बसलेल्या चपराकेची क्षमा करावयास आपलें काय जातें! क्षमा हा ज्याला लागलें त्याचा हक्क आहे. तो त्याच्याकडून कोणी वसूल करूं नये. पौलानें करिंथकरांस भावाभावांतील तंट्यांकरितां न्यायसभा गांठल्याबद्दल खडसावलें, हें खरें. पण फिलिप्पै येथें चौकशीवांचून लोकांसमक्ष फटके मारून अधिकारी त्यास गुपचूप सोडूं लागले, तेव्हां तो गेला नाहीं. त्यांनीं स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावें असा त्यानें आग्रह धरिला. त्यास सूड नको होता. अपमान उघड्यावर झाला, तर त्याचें निवारण अंधारांत कां व्हावें? शिवाय त्या गांवीं नव्या विश्वासणाऱ्यांस मागें राहावयाचें होतें.

माझा अहंकार दुखावला असेल, तर मीं घरीं जाऊन गुडघे टेकावे. पण त्या बाजारांत बापाबरोबर त्याचा लहान मुलगाही उभा होता. तो अपमान एकट्याचा राहिला नाहीं.

मीं उपदेशकांस सांगितलें कीं, आधीं शिवी देणाऱ्याच्या घरीं दोघे साक्षीदार घेऊन जा, व ज्या बाजारांत बोलला तेथेंच त्यानें शब्द परत घ्यावा असें सांगा. न ऐकल्यास साध्या कलमांखालीं, आपण ख्रिस्ती आहों हें लिहूनच, फिर्याद द्या. साक्षीदारांनीं मात्र जें ऐकलें तेवढेंच सांगावें, एक शब्दही अधिक नको.

“आणि खटला हरलों तर?” त्यांनीं विचारलें.

तारखेच्या दिवशीं कोर्टाच्या ओट्यावर मी त्या गृहस्थाजवळ येऊन बसेन, असें मीं म्हटलें. ते संध्याकाळच्या गाडीनें परत गेले.