काढा, सत्य आणि शुश्रूषा

लहानशा दुखण्यात मनुष्याच्या नीतीची जितकी परीक्षा होते तितकी मोठ्या दुखण्यात होत नाही, असे म्हटल्यास वाचकांस प्रथमदर्शनी नवल वाटेल. परंतु थोडा विचार केला असता त्यातील तथ्य ध्यानात येईल. विषमज्वर झाला अथवा हाड मोडले, म्हणजे निर्णय आपल्या हाती उरत नाही. डॉक्टर सांगतील ते आपण मुकाट्याने करतो. पडशा-खोकल्याचे तसे नाही. तेथे घर हेच रुग्णालय, गृहिणी हीच वैद्य आणि फडताळातील डबे हीच औषधांची पेटी. काय द्यावे, किती दिवस वाट पाहावी, कोणी निजून राहावे आणि कोणी कामास जावे, याचे सारे निकाल घरातच लागतात; आणि जेथे निकाल आपण लावतो तेथे जबाबदारीही आपलीच असते.

आमच्या मराठवाड्यात या आजारांचे दोन हंगाम ठरलेले आहेत. एक पावसाळ्याचा, आणि दुसरा दिवाळीनंतरचा, जेव्हा दुपारी ऊन चटका देते व पहाटे गारठा अंगात शिरतो. या दुसऱ्या हंगामात नांदेड-लातूरकडील घरांतून सुंठ, तुळस, गवती चहा आणि मिरे यांच्या काढ्याचा वास येऊ लागतो. तव्यावर ओवा परतून त्याची पुरचुंडी छातीला शेकावयास देतात. हुलग्याचे कढत माडगे पितात. रात्री हळद घातलेले दूध घेतात. निजामी राजवटीचा वारसा म्हणून येथे युनानी उपचारही तितकेच रुळलेले आहेत. मुसलमान शेजाऱ्याच्या घरी जो जोशांदा उकळतो त्यात मुलेठी असते, आणि आमच्या काढ्यात ज्येष्ठमध असते. दोन्ही एकाच वनस्पतीचे मूळ. हैदराबादेत १९२० साली निघालेली 'जिंदा तिलिस्मात'ची निलगिरीच्या वासाची कुपी तर दोन्ही घरांत सारखीच सापडते. धर्म निराळे असले तरी खोकला एकच, याची एवढी सोपी साक्ष दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आता प्रश्न असा की, या उपचारांत खरे किती? काहींच्या बाबतीत उत्तर पुष्कळसे अनुकूल आहे. मुलांचा रात्रीचा खोकला मधाने काहीसा हलका होतो, असे अलीकडील परीक्षणांत दिसून आले आहे. जपानात ३८७ स्वयंसेवकांवर केलेला एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या पाण्याने नियमित गुळण्या करणाऱ्यांस पडसे कमी झाले, आणि आयोडीनयुक्त औषधाने गुळण्या करणाऱ्यांस तसा लाभ दिसला नाही. अडुळशातील वासिसिन या द्रव्याचा माग काढीत रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन तयार केले, आणि त्याच घराण्यातले अँब्रोक्सॉल आज खोकल्याच्या बाटल्यांतून सर्रास विकले जाते. "पाय गार करू नकोस" या आजीच्या आज्ञेचा इतिहास तर मोठा मनोरंजक आहे. इंग्लंडात सॉल्सबरी येथे १९४६ पासून १९८९ पर्यंत केवळ पडशाच्या अभ्यासासाठी एक संस्था चालू होती. तेथे माणसांना ओले करून वाऱ्यात उभे केले, तरी त्यांस पडसे अधिक होत नाही असे आढळले, आणि आजीबाई खोटी ठरली. पुढे २००५ साली कार्डिफ येथे १८० जणांवर प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांचे पाय वीस मिनिटे थंड पाण्यात ठेवविले असता त्यांपैकी अधिक जणांनी पुढील चार-पाच दिवसांत सर्दीची तक्रार केली. म्हणजे आजीबाईच्या खटल्याचा निकाल अद्याप पुरता लागलेला नाही.

उलटपक्षी, वाफाऱ्याने रोग लवकर बरा होतो असे सिद्ध झालेले नाही, आणि कढत पाण्याचे भांडे उलटून लेकरे भाजल्याच्या घटना मात्र जगभर नोंदल्या गेल्या आहेत. बाळंतिणीच्या खोलीतील धुरी कोवळ्या फुफ्फुसांना अपायच करते. एक वर्षाच्या आतील बालकास मध चाटविणे तर सर्वथा वर्ज्य समजावे, कारण त्यातील सूक्ष्म बीजाणूंमुळे क्वचित प्राणघातक विषबाधा होते. ज्या हाताने माया केली त्याच हाताने अपाय घडावा, ही गोष्ट केवळ वैद्यकाच्या कक्षेतली नाही. प्रेम शुद्ध असले म्हणजे ज्ञानाची गरज उरत नाही, ही समजूत आपल्या समाजात फार खोल रुजलेली आहे, आणि ती नीतिदृष्ट्या सदोष आहे.

येथे एक बुद्धिवादी आक्षेपक पुढे येऊन म्हणेल, "पडसे औषधाने सात दिवसांत आणि औषधावाचून आठवड्यात बरे होते, हे तर तुमचीच म्हण सांगते. मग जो काढा रोग घालवीत नाही तो औषध म्हणून देणे ही प्रतारणाच नव्हे काय?" आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी तीन निरनिराळी विधाने वेगळी केली पाहिजेत. 'याने तुला बरे वाटेल' हे पहिले. 'याने तू लवकर बरा होशील' हे दुसरे. आणि 'हे घेणाऱ्यास रोग होणारच नाही' हे तिसरे. काढ्याच्या बाबतीत पहिले विधान बहुधा सत्य असते. ऊन पेयाने घसा मोकळा होतो, अंगात पाणी जाते, आणि कोणी आपल्यासाठी चुलीपाशी उभे राहिले या जाणिवेने जीव निवतो. दुसरे विधान संशयास्पद आहे, आणि तिसरे धाडसाचे. असत्य शिरते ते पहिल्याच्या पुण्याईवर तिसरे खपविले जाते तेव्हा. २०२० च्या साथीत केंद्राच्या आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरे यांचा काढा घेण्याची सूचना केली होती, आणि 'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द घरोघर पोचला. काढा पिण्यात काही वावगे नव्हते. परंतु काढा प्यालो म्हणून तोंडावरचा मुखपट्टा काढून लग्नाच्या पंगतीत बसण्यास हरकत नाही, असा जो निष्कर्ष कित्येकांनी काढला, तो मात्र स्वतःस व शेजाऱ्यास फसविणारा होता.

असत्याची किंमत कधी कधी प्राणांनी मोजावी लागते, म्हणून या भेदाला महत्त्व आहे. १९१८ साली मुंबई बंदरातून शिरलेला इन्फ्ल्युएन्झा त्या वर्षाच्या आश्विन-कार्तिकात दख्खनभर पसरला. पाऊस फसलेला, धान्य महाग, आणि वर हा ज्वर. हिंदुस्थानात किमान सव्वा कोट माणसे दगावली असे अंदाज आहेत. काही अभ्यासक तो आकडा याहून पुष्कळ मोठा धरतात. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या, ज्यात तेव्हा नांदेड जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडे, १९११ मधील सुमारे १ कोटी ३४ लाखांवरून १९२१ मध्ये सुमारे १ कोटी २५ लाखांवर उतरली. दुष्काळ आणि प्लेग यांचाही त्यात वाटा होता. त्या वेळी डॉक्टरांजवळही उपाय नव्हता. या रोगाचे कारण एक जंतू आहे असे पुष्कळांस वाटे. खरा विषाणू मनुष्यात सापडला तो १९३३ साली. तेव्हा काढ्यावर भिस्त ठेवणाऱ्या १९१८ च्या माणसास दोष देणे अन्यायाचे होईल. त्यास दुसरा मार्गच नव्हता. आज तो आहे. वृद्ध, गर्भवती, दमेकरी व मधुमेही यांच्यासाठी दरवर्षी घेण्याची लस आहे, आणि पहिल्या दोन दिवसांत घेतल्यास उपयोगी पडणारे विषाणुरोधक औषध आहे. श्वास लागणे, छातीत दुखणे, ग्लानी येणे, ओठ निळसर होणे, लेकराचे पिणे सुटणे, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसताच काढ्याचे पातेले बाजूस सारून रुग्णास इस्पितळात नेले पाहिजे. त्या घटकेनंतरही जो 'आणखी एक दिवस पाहू' म्हणतो, त्याची श्रद्धा हे हयगयीचेच दुसरे नाव होय.

तितकीच हयगय उलट दिशेनेही होते, हे सांगितल्यावाचून हा विचार एकांगी राहील. साध्या पडशास 'सुई टोचा' म्हणून डॉक्टरांकडे हट्ट धरणारे, आणि विषाणूवर ज्यांचा काडीचाही परिणाम होत नाही अशा प्रतिजैविकांच्या दोन-चार गोळ्या दुकानातून सुट्या आणून खाणारे, आपल्याकडे थोडे नाहीत. अशा काही औषधांच्या विक्रीवर २०१४ पासून अधिक कडक नियम लागू झाले आहेत. पण नियमाहून सवय बळकट. यात होणारे नुकसान खाणाऱ्यापुरते राहत नाही. जंतू निर्ढावतात, आणि उद्या एखाद्या अनोळखी बालकाच्या न्यूमोनियावर तेच औषध निकामी ठरते. या हिशेबाने पाहता, तीन दिवस माडगे पिऊन धीर धरणारा मनुष्य नकळत परोपकारच करीत असतो.

परंतु धीर धरणे सर्वांस परवडते काय? सुई मागणाऱ्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीस गेलेला मजूर, बाजार समितीत पोती वाहणारा हमाल, यांस उद्या उभे राहिलेच पाहिजे. निजून राहिल्यास मजुरी बुडते. आमच्या सर्व घरगुती उपचारांत सर्वांत गुणकारी उपचार विश्रांती हा आहे, आणि तोच बाजारात सर्वांत महाग आहे. पगारी रजा असणाऱ्याने बिनरजेच्या माणसास 'काढा घे आणि पडून राहा' असे सांगणे सोपे असते. त्याचा खाडा भरून देणे अवघड. आपल्या घरी धुणी-भांडी करणाऱ्या बाईस ताप असता तिची मजुरी न कापता तिला घरी पाठविणे, हा माझ्या मते आजीबाईच्या बटव्यात नव्याने घालण्याजोगा पहिला जिन्नस आहे.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या गुणांत त्यांनी अनुराग आणि शौच, म्हणजे माया आणि स्वच्छता, या दोहोंस स्थान दिले, हे मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. पैकी शौच हे केवळ व्यक्तीच्या इच्छेवर अवलंबून नसते. 'वारंवार हात धुवा' हा उपदेश निर्विवाद आहे. पण २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी पुकारावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, तेव्हा ते पाहण्यास स्थानकावर लोक जमले. घागरभर पाण्यासाठी रात्र जागणाऱ्या गृहिणीस स्वच्छतेचा धडा देणारा उपदेशक अज्ञानी तरी असतो किंवा निर्दय तरी. शौच हा सद्गुण खराच. पण नळाला पाणी आणणे हे त्या सद्गुणाचे पूर्वांग आहे, आणि ते नगराचे कर्तव्य आहे.

अनुरागाच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो अधिक बोचणारा आहे. हा परिचारक कोण? बहुतेक घरांत ती एक स्त्रीच असते. सासऱ्यांस शेक, मुलांस काढा, पतीस ऊन पाणी देऊन ती चौथ्या दिवशी स्वतः शिंकू लागते, आणि तोंडाला पदर लावून पुन्हा स्वयंपाकास उभी राहते. १९१८ च्या साथीत आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या. आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्याच अंगावर पडत होती हे त्याचे एक कारण तत्कालीन अहवालांतही दिलेले आहे. एका शतकानंतर घराघरांत विचारावयाचा प्रश्न तोच आहे: जी सर्वांसाठी काढा करते तिच्यासाठी तो कोण करतो? काढ्याची रीत मुलींप्रमाणे मुलांसही शिकवावी. त्यास लागणारी विद्या अल्प आहे. लागणारी इच्छा मात्र थोर आहे.

शेवटचा पाद रोगी. त्याचीही काही कर्तव्ये आहेत, हे आपण विसरतो. 'पडसे ते काय!' म्हणून नाक ओढीत कचेरीत जाणारा, खोकत खोकत बारशास जाऊन बाळाचा मुका घेणारा, माळेगावच्या यात्रेची वारी चुकू नये म्हणून तापाच्या अंगाने गर्दीत शिरणारा, आपण धैर्य दाखवीत आहोत असे समजतो. वस्तुतः त्याचे धैर्य दुसऱ्याच्या जिवावरचे असते. त्याच्या शरीरात जे दोन दिवसांत ओसरेल, ते एखाद्या आजोबांच्या छातीत उतरून राहील. चार दिवस घरी राहणे, तोंड झाकणे, आणि आजाऱ्यास भेटावयास जाण्याची आपली गोड चाल तेवढ्यापुरती निरोपावर भागविणे, यात लौकिकदृष्ट्या थोडा रुक्षपणा दिसला तरी धर्म तोच आहे.

तात्पर्य, काढा टाकून देण्याचे कारण नाही आणि त्याची पूजा बांधण्याचेही नाही. तो ज्याला द्यावयाचा त्याला खरे सांगून द्यावा, की याने बरे वाटेल. आणि बरे न वाटल्यास उद्या सकाळी आपण डॉक्टरांकडे जाऊ.