कौशिकाचं सत्य आणि बाळंतिणीची खोली

महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट येते. नेहमी खरंच बोलायचं, हे त्याचं व्रत. दरोडेखोरांना भिऊन काही माणसं रानात लपली. मागोमाग दरोडेखोर आले, त्यांनी विचारलं आणि कौशिकाने जागा दाखवली. माणसं मारली गेली, आणि खरं बोलूनही कौशिक नरकात गेला. श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो ती ही गोष्ट मी पारायणात कितीदा ऐकली असेल. पण तिचा अर्थ लागला तो प्रसूती वॉर्डातल्या नोकरीत.

एक पहिलटकरीण मला म्हणाली, "सिस्टर, सासूबाईंना खरं सांगितलं नाही, त्याचं पाप बाळाला लागेल का हो?" गरोदरपणातल्या तपासणीत तिला एचआयव्ही निघाला होता. नवरा मुंबईला कामाला, लागण त्याच्याकडूनची. दोघांचे औषधोपचार चालू होते आणि घरात ही गोष्ट त्या दोघांनाच ठाऊक होती. दुधातून बाळाला लागण होईल ही भीती तिच्या मनातून गेली होती. उरली होती ती पापाची.

दुधाबद्दल मी तिला ठामपणे सांगू शकले होते. काहीच उपचार नसतील, तर पोटात, बाळंतपणात आणि अंगावर पाजताना मिळून शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होऊ शकते. औषध नीट चालू असेल तर चित्रच पालटतं. 'प्रॉमिस' नावाच्या मोठ्या अभ्यासात भारतातल्याही माता होत्या. आईला किंवा बाळाला औषध देऊन अंगावर पाजलं, तेव्हा वर्षभरात लागण झाली ती शेकडा 0.6 बाळांना. वरचं दूध मात्र दिसतं तेवढं निर्धोक नाही. 2006च्या सुरुवातीला बोत्सवानात अतिवृष्टीनंतर जुलाबाची साथ आली. तिथलं सरकार एचआयव्ही असलेल्या आयांना पावडरचे डबे फुकट देत होतं. शेकडो मुलं दगावली, आणि दवाखान्यात आलेल्या तान्ह्यांत अंगावर न पिणारी बाळंच फार होती. 22 जुलै 2021ला इथे वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, वीज गेली, प्यायचं पाणी बाहेरून आणावं लागलं. तेव्हा मला सारखी ती बाळं आठवत होती. अशा दिवसांत कुणी बाटली कशी उकळावी?

अवघड होतं ते पुढचंच. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध नाही, पाणी नाही, बाळगुटी नाही. अंगावरचं आणि वरचं दोन्ही मिळणाऱ्या बाळांत लागण जास्त होते, हे 1999 साली डर्बनच्या अभ्यासाने दाखवलं. आणि इथे आजेसासू सकाळी सहाण घेऊन बसलेली, वेखंड, मायफळ, हळकुंड उगाळत. पणतवंडाच्या जिभेला गुटीचं बोट लावण्यात तिची सगळी माया. तो हात अडवायचा तर कारण काय सांगायचं?

मी तिला म्हटलं, "डॉक्टरांनी सहा महिने वरचं काही द्यायचं नाही म्हणून बजावलंय, एवढंच सांग." हे शब्दशः खरं होतं. वॉर्डातल्या प्रत्येक बाळाच्या आजीला मी तेच सांगत असे.

पण मी यावर खूप विचार केला आहे. एका छपराखाली राहायचं आणि एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवायची, हे धर्माला धरून आहे का? मला वाटतं, आहे. एका ताटात जेवल्याने, मांडीवर बाळ घेतल्याने हा आजार सासूला होत नाही. जे न कळल्याने तिचं काही बिघडत नाही आणि कळल्यावर सुनेचं घर तुटू शकतं, ते तिला सांगण्याचं ऋण सुनेवर नाही. नवऱ्याची गोष्ट वेगळी. तो अंधारात असता, तर मी तिच्या गप्प राहण्याला पुण्य म्हटलं नसतं, कारण तिथे त्याची तपासणी आणि उपचार अडले असते. 2017च्या एचआयव्हीविषयक कायद्यानेही, ठरावीक अपवाद सोडले तर, आपला आजार इतरांना सांगायचा की नाही ते तिच्या संमतीवर सोडलं आहे.

परशुरामाला गेले की मी रेणुकामातेच्या देवळात थांबते. मनात आलेल्या एका विचारासाठी तिला मृत्यू मिळाला. मुलाने, परशुरामाने, नंतर वर मागितला की ती जिवंत व्हावी आणि आपला वध तिला आठवू नये. त्या वराचं सगळे कौतुक करतात. मला तो पुरेसा वाटत नाही. शिक्षेआधी तिला कुणीच काही विचारलं नाही, आणि ते विसरल्याने भरून येत नाही. आजार कळल्यावर घर तुटतं, तेव्हा सुनेलाही कुणी काही विचारत नाही.

गप्प राहण्याला एक किंमत मात्र आहे, आणि ती बाळंतिणीच्या तब्येतीतून वसूल होते. बाळंतिणीच्या खोलीत दिवसभर माणसांचा राबता. शेक, न्हाणं, डिंकाचे लाडू, बघायला आलेल्या बायका. सगळ्यांच्या नजरा चुकवून रोजची गोळी घ्यायची कधी? गरोदरपणात बाळासाठी नेमाने गोळ्या घेणाऱ्या कितीतरी जणींची औषधं बाळंतपणानंतर सुटतात, हे जगभर दिसलं आहे. गोळी सुटली की विषाणू वाढतो. मग आईही खचते आणि दूधही सुरक्षित राहत नाही. कौशिकाचं बोलणं जसं अधर्म ठरलं, तसं हे मौनही ठरू शकतं. म्हणून त्या मुलीला मी एकच माणूस निवडायला लावलं. तिने धाकट्या जावेला निवडलं. गोळीच्या वेळी खोलीचं दार लोटून घ्यायचं काम जावेने पत्करलं.

आता वॉर्डात काम करणाऱ्या मुलींना मी हेच सांगते. अशा आईला घरी सोडताना टाके बघाल, बाळाचं वजन कराल, लागण टाळण्यासाठी बाळाला नेव्हिरपिनचं औषध किती द्यायचं ते समजावाल. त्याबरोबर तिला हेही विचारा की घरी गोळी कधी घेणार, आणि त्या वेळी खोलीत कोण असेल. तिच्याकडे उत्तर नसेल, तर तिच्याजवळ बसा आणि ते ठरल्याशिवाय तिला सोडू नका.