मुलाचे मन आणि शिक्षकाचा अधिकार

दिवसाच्या शाळेत शिकवणारी आमची पुष्कळ भावंडे रविवारी मंडळीच्या शब्बाथशाळेतही वर्ग घेतात. अलीकडे त्यांच्या बोलण्यात 'सामाजिक-भावनिक शिक्षण' हा शब्द वारंवार येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा ठेवली आहे. मुलांच्या भावना कशा ओळखाव्यात, त्यांना वर्गात मनापासून सहभागी कसे करून घ्यावे, हे विषय अशा प्रशिक्षणांत आता नित्याचे झाले आहेत. साहजिकच शब्बाथशाळेच्या शिक्षकांच्या सभेत प्रश्न निघतो : हे आपल्याकडेही आणावे काय?

या प्रश्नावर दोन तऱ्हेची उत्तरे ऐकू येतात. काही वडीलधारे म्हणतात, "आपल्याला पवित्र शास्त्र पुरे आहे, हे जगाचे नवे वारे मंडळीत कशाला?" उलट काही तरुण शिक्षकांना वाटते की, खेळ, चित्रे आणि भावनांचे तक्ते आणले म्हणजे ओस पडत चाललेले वर्ग पुन्हा भरतील. आम्हांला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण दोहोंच्या खाली असलेला खरा प्रश्न कोणी विचारीत नाही. मुलाच्या मनात शिरण्याचा शिक्षकाला अधिकार तरी काय? असलाच, तर त्याची मर्यादा कोणती?

प्रथम ही पद्धत काय आहे ते नीट समजून घेऊ. अमेरिकेत १९९४ साली 'कासेल' नावाची संस्था या कामासाठी स्थापन झाली. तिने पाच गोष्टी सांगितल्या : स्वतःला ओळखणे, स्वतःला आवरणे, दुसऱ्याचे मन जाणणे, नाती जोडणे व टिकवणे आणि जबाबदारीने निर्णय घेणे. २०११ साली अशा २१३ उपक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २,७०,००० हून अधिक विद्यार्थी होते. ज्यांना हे शिक्षण मिळाले त्यांची शालेय प्रगती इतरांच्या तुलनेत सरासरी ११ शतमकांनी पुढे असल्याचे आढळले. यातील बहुतेक शाळा अमेरिकेतील होत्या, म्हणून तो आकडा जसाच्या तसा आपल्याला लागू करता येणार नाही. पण मनाकडे लक्ष दिल्याने अभ्यास बुडतो ही भीती त्याने बरीच दूर केली. आपल्या देशातही दिल्ली सरकारने २०१८ च्या जुलै महिन्यात आठवीपर्यंतच्या मुलांसाठी ४५ मिनिटांचा 'हॅपीनेस' तास सुरू केला होता.

सहभागाविषयीही संशोधकांनी एक उपयुक्त भेद केला आहे. मूल जागेवर बसते, सांगितलेले करते, हा वागण्यातला सहभाग. त्याला वर्ग आपला वाटतो, हा भावनेचा सहभाग. ते स्वतः विचार करू लागते, हा बुद्धीचा सहभाग. आमच्या वर्गांत पहिल्या प्रकारालाच आपण 'शिस्त' म्हणतो आणि तेवढ्यावर समाधान मानतो. सोनेरी वचन न अडखळता म्हणून दाखवणाऱ्या मुलाला बक्षीस मिळते. त्या वचनाने त्याच्या मनात कोणता प्रश्न उठला हे कोणी विचारीत नाही.

आता पहिला आक्षेप. हे सारे जगाचे आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. १७८० साली इंग्लंडातील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा काढली, ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरिबांच्या मुलांसाठी. ही मुले कोण, कशी जगतात, कोणत्या दिवशी मोकळी असतात, हे आधी पाहिले गेले आणि मग शाळेचा वार ठरला. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत असताना फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. मुलांच्या खेळातून शिकवण्याची विद्या शिकून घेण्यात त्यांच्या विश्वासाला कमीपणा आला नाही. ताराबाई मोडक ख्रिस्ती नव्हत्या. पण भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या या बाईंनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे जे केले ते आपण शिकण्यासारखे आहे. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीच्या कल्पनेचे मूळ तेथे आहे.

आणि पवित्र शास्त्राचे काय? पौलाने इफिसकरांस लिहिताना (६:४) व कलस्सैकरांस लिहिताना (३:२१) बापांना बजावले आहे की, मुलांना चिडीस आणू नका, ती खिन्न होऊ नयेत. म्हणजे मुलाची चीड आणि खिन्नता ही प्रेषिताच्या मते दखल घेण्याजोगी गोष्ट आहे. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. भाकर, पाणी आणि झोप दिली, प्रश्न नंतर विचारला (१ राजे १९). अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने त्या दोघांचे दुःख त्यांच्याच तोंडून पुरते ऐकून घेतले आणि मग शास्त्राचा उलगडा केला (लूक २४). ऐकणे आधी, शिकवणे नंतर, हा क्रम कोणत्या परदेशी पुस्तकातून आपल्याकडे आलेला नाही. तेव्हा मुलाच्या मनाची स्थिती जाणून घेणे ही शुभवर्तमानात घातलेली भर नव्हे. ते आपले कर्तव्यच आहे.

परंतु दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो उत्साही शिक्षकांनी ऐकावा अशी आमची विनंती आहे. मन ओळखण्याची विद्या ही मन वळवण्याचीही विद्या असते. मूल कशाने हसते, कशाने रडते हे ज्याला कळले, त्याच्या हाती मोठी सत्ता आली. उन्हाळ्याच्या सुट्टीतील पवित्र शास्त्र शाळेचा शेवटचा दिवस घ्या. दिवे मंद केले, संथ गीत लावले, एक करुण गोष्ट सांगितली आणि "ज्यांना प्रभू हवा त्यांनी हात वर करा" असे म्हटले, की आठ वर्षांची सारी मुले हात वर करतात. शेजारच्याने केला म्हणून करतात, बाईंना बरे वाटावे म्हणूनही करतात. वार्षिक अहवालात तो आकडा छापला जातो. त्या हातांपैकी किती निर्णय होते आणि किती नुसते हात होते? खोट्या भावनेची सवय लागलेले मूल मोठेपणी खऱ्या भावनेवरही विश्वास ठेवीत नाही. ही हानी आम्हांला ओस पडलेल्या वर्गाहून मोठी वाटते.

येथे मार्काचा १० वा अध्याय आपल्याला वाट दाखवतो. त्याच अध्यायात प्रभूने मुलांना जवळ घेतले आणि त्यांना अडवणाऱ्या शिष्यांवर तो रागावला. त्यानंतर थोड्याच ओळींनी एक धनवान मनुष्य येतो. प्रभूने त्याच्याकडे पाहिले, त्याच्यावर प्रीती केली, त्याला सत्य सांगितले आणि तो खिन्न होऊन निघाला तेव्हा त्याला जाऊ दिले. त्याच्या मागे धावला नाही, अट सैल केली नाही, भावनेचा दाबही घातला नाही. जवळ घेणे आणि मोकळे सोडणे ही दोन्ही त्याच प्रीतीची कामे आहेत. तेव्हा कोणतीही पद्धत पारखण्यासाठी आम्ही एक प्रश्न सुचवतो : या पद्धतीत मुलाला गप्प राहण्याची, "मला सांगायचे नाही" किंवा "मला पटले नाही" असे म्हणण्याची मोकळीक आहे काय? असेल तर ती खुशाल वापरावी. नसेल तर ती कितीही गोड असली तरी बाजूला ठेवावी.

आमच्या महाराष्ट्राबाहेरच्या मंडळ्यांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. बेळगावचे मूल आठवडाभर कानडी किंवा इंग्रजीत शिकते, इंदूर-ग्वाल्हेरचे हिंदीत खेळते, वडोदऱ्याचे गुजरातीत भांडते, हैदराबादचे तेलुगू, उर्दू आणि इंग्रजीची मिसळ करते. रविवारी मात्र आजीची मराठी आणि त्याहून जड अशी शास्त्राची मराठी त्याच्यापुढे येते. ते गप्प बसते आणि आपण म्हणतो, "हल्लीच्या मुलांना गोडीच नाही." गोडी नाही की शब्द नाही, हे आधी पाहायला हवे. मूल जे बोलेल ते ज्या भाषेत येईल त्या भाषेत येऊ द्यावे, आणि मग त्याला मराठी शब्द द्यावा. आपल्या भाषेत या बाबतीत काय संपत्ती आहे! रुसणे, हिरमुसणे, ओशाळणे, धास्तावणे, गहिवरणे, हेवा वाटणे, हुरहुर लागणे. "मला बॅड वाटले" म्हणणाऱ्या मुलाला "तू हिरमुसलास की ओशाळलास?" असे विचारले, तर त्याला स्वतःचे मन थोडे अधिक दिसते आणि मराठीही थोडी अधिक त्याची होते. स्तोत्रकर्त्यांनी भय, संताप, एकटेपणा, आनंद हे सारे देवापुढे मांडले. त्यांची स्तोत्रे मुलांना कळायची असतील तर हे शब्द आधी मुलांचे झाले पाहिजेत.

गप्प राहण्याचे दुसरे कारण आपणच असतो. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद वा अधिक थांबले तर मुलांची उत्तरे लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. एवढ्यासाठी खर्च नाही, तक्ते नाहीत. फक्त आपले तोंड क्षणभर मिटलेले हवे. प्रभू बारा वर्षांचा असताना मंदिरात गुरुजनांचे ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारीत बसला होता (लूक २:४६), हे आपण दरवर्षी शिकवतो. आमच्या वर्गात तसा मुलगा आला, तर त्याला प्रश्न विचारू दिले जातील काय?

आता अधिकारामागून येणारी जबाबदारी. मन उघडा असे आपण म्हणालो आणि मुलाने खरोखर उघडले, तर? एखादे मूल घरातील दारू सांगेल, मारहाण सांगेल, कदाचित त्याहून भयंकर काही सांगेल. ते प्रार्थनासभेत 'विनंती'च्या नावाखाली चारचौघांत जाता कामा नये. पण "मी कोणालाच सांगणार नाही" असे वचनही शिक्षकाने कधी देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती ज्याला कळली त्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यातून पाळक सुटत नाहीत, पंच सुटत नाहीत आणि शब्बाथशाळेचा शिक्षकही सुटत नाही. मंडळीची अब्रू जाईल म्हणून गप्प बसणे हा कायद्याने अपराध आहे, आणि त्या लहानग्याच्या दृष्टीने तो विश्वासघात आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. तसेच २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळांत छडी आणि मानसिक छळ दोन्ही मना केले आहेत. मग देवाच्या घरात कान पिळणे आणि टाकून बोलणे कसे चालेल?

उरला शिक्षकाचा प्रश्न. एका दिवसाचे शिबिर, जेवण आणि प्रशस्तिपत्रक एवढ्याने कोणी बदलत नाही. ज्याचे कोणी ऐकत नाही त्याला मुलांचे ऐकायला सांगणे हाही एक अन्याय आहे. आमचे शिक्षक नोकरी, घर, आजारपण सांभाळून रविवारी सकाळी येतात. वर्षातून एकदा शाल देऊन त्यांचा सत्कार होतो. त्यांना काय जड जाते हे विचारले जात नाही. म्हणून आमची सूचना साधी आहे. महिन्यातून एकदा सर्व शिक्षकांनी पाळकांसह तासभर बसावे. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवावे. प्रत्येकाने आपल्या वर्गातील एकाच मुलाविषयी, त्याची बदनामी होणार नाही अशा रीतीने, सांगावे : या महिन्यात मला त्याच्याविषयी नवे काय कळले? कोणता प्रश्न त्याने विचारला? कोठे ते गप्प झाले? मग त्या मुलांसाठी आणि एकमेकांसाठी प्रार्थना करावी. मधूनमधून एका शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात मागे बसून पाहावे. चुका काढायला नव्हे, तर मुलांचे चेहरे पाहायला, कारण शिकवणाऱ्याला ते नेहमी दिसत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, असे केल्याने अभ्यासक्रम पुरा होणार नाही. कदाचित नाही होणार. बारा पाठांऐवजी नऊच होतील. परंतु निर्गम व अनुवाद या पुस्तकांत देवाने इस्राएल लोकांना सांगितले, ते मुलांनी प्रश्न विचारल्यावर द्यायच्या उत्तराविषयी (निर्गम १२:२६, अनुवाद ६:२०). मूल विचारील हे त्यात गृहीत धरलेले आहे. ज्या वर्गात मूल विचारीत नाही, तेथे आपली उत्तरे कितीही शुद्ध असली तरी ती ऐकायला कोणी नसते.

मुलाच्या मनावर आपला हक्क नाही. ते मन देवाचे आहे आणि त्या मुलाचे आहे. त्याने आपण होऊन दार उघडले तर पायांतील जोडे काढून आत जावे, आणि नाही उघडले तर दाराशी थांबावे, पुढच्या रविवारी पुन्हा यावे. येत्या रविवारी हजेरीपट उघडण्यापूर्वी एवढे करू या : प्रत्येक मुलाकडे नीट पाहू, त्याला त्याच्या नावाने हाक मारू आणि एक खरा प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहू.